‘सगळ्यात स्ट्राँग डोस एकदाच का देत नाहीत?’ : मुलांचा पसरलेला कॅन्सर आणि इंटेन्सिव्ह केमो

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना निसटलं असेल तर इथे निवांत वाचा.)

कुणी लोकलमध्ये असेल, कुणी रात्री अंथरुणात पडून ऐकत असेल. आजचा भाग जरा जड आहे, आधीच सांगून ठेवते. ऐकवत नसेल तर थांबा, उद्या ऐका. पण ऐका मात्र. कारण घरात कुणी आजारी पडलं की रिपोर्ट कुणाच्या हातात येतात? तुमच्या. ‘तुझ्या फोनवर बघ ना, हे काय लिहिलंय?’ असं ज्याला विचारतात, तो घरातला फोनवाला माणूस म्हणजे तुम्ही.

मागच्या महिन्यात अशाच एका मुलीचा मेसेज आला. तिची परवानगी घेतली आहे, नाव-गाव सांगत नाही. मराठवाड्यातली, वीस वर्षांची. ती लिहिते:

‘ताई, माझा मामेभाऊ अकरा वर्षांचा आहे. त्याच्या पोटरीत गाठ आली. क्रिकेट खेळताना लागलं असेल म्हणून आजीनं शेक दिला, लेप लावला. दीड महिन्यात गाठ दुप्पट झाली. मुंबईला नेलं. रॅब्डोमायोसार्कोमा निघाला, स्टेज फोर, फुप्फुसात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, इंटेन्सिव्ह केमो लागेल, जवळजवळ वर्षभर. मामा विचारतात, सगळ्यात स्ट्राँग डोस एकदाच का देत नाहीत? कुणीतरी त्यांना सांगितलं की एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात हाय डोस केमो आणि स्टेम सेल करतात. तीन एकर विकलं तर होईल म्हणतात. मी रात्री गुगल केलं. वीस टक्के असं काहीतरी वाचलं. ते मी अजून कुणालाच सांगितलं नाही. मी घरी काय सांगू?’

मी काही वर्षं लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात डॉक्टर म्हणून काम केलंय. ‘अजून जास्त का नाही देत?’ हा प्रश्न मी तिथे इतक्या वेळा ऐकलाय की सांगता येणार नाही. त्यात अडाणीपणा काही नाही. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनीही तीस-चाळीस वर्षं हाच प्रश्न विचारला आणि मुलांवर अभ्यास करून त्याचं उत्तर शोधलं. आज ते उत्तर बघू.

आधी, ही गाठ आहे तरी काय?

आपल्या शरीरात हाडं सोडली तर स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या अशा मऊ गोष्टी असतात. त्यांना सॉफ्ट टिश्यू म्हणतात. त्यातून होणाऱ्या कॅन्सरला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा. मुलांमध्ये यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे रॅब्डोमायोसार्कोमा. डॉक्टर लोक लाडानं ‘रॅब्डो’ म्हणतात.

बाळ पोटात असताना काही पेशी पुढे स्नायू होणार असतात. त्यातल्या एखाद्या पेशीत बिघाड होतो. ती मोठी होऊन स्नायू बनायचं सोडून नुसती वाढत, दुप्पट होत राहते. ही गाठ हातापायात येते, डोळ्याच्या मागे येते, नाकात, कानात, मूत्राशयातही येते. मुलांच्या एकूण कॅन्सरमध्ये हिचा वाटा साधारण ३ टक्के. म्हणजे दुर्मीळच. गावातल्या डॉक्टरनं आयुष्यात एकही केस पाहिली नसेल हे अगदी शक्य आहे.

आता आजीसाठी एक निरोप. बॉल लागून हा कॅन्सर होत नाही. खाण्यापिण्यानं होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही. बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही, थोड्या मुलांमध्ये घराण्यातून आलेला जनुकीय दोष असतो. लागलं की आपण तिथे हात लावतो, बघतो, आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा लक्षात येते. आजीनं शेक दिला म्हणून गाठ कॅन्सरची झाली नाही. हे आजीला आजच सांग. ती बोलत नसेल, पण मनात खात असेल.

मात्र बाकीच्यांनी एक लक्षात ठेवा. मुलाच्या अंगावरची गाठ दुखो न दुखो, दोन-तीन आठवड्यांत जात नसेल किंवा वाढत असेल, तर लेप थांबवायचा आणि दाखवायचं.

दिसत नाही तिथेही असतो

मामांना पहिली गोष्ट ही समजावून सांगावी लागेल की पोटरीची गाठ कापून टाकली तरी काम का संपत नाही.

रॅब्डो झालेल्या दर सहा मुलांपैकी साधारण एकात, निदान होतं तेव्हाच आजार दुसरीकडे पोचलेला असतो. फुप्फुसात, हाडात, बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडाच्या आतल्या रक्त तयार करणाऱ्या भागात. उरलेल्या पाच मुलांच्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही, पण त्यांच्यातही डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी रक्तातून फिरत असतात असं धरूनच चालावं लागतं. नुसती गाठ कापायचे त्या काळात बहुतेक मुलांचा आजार परत यायचा, तो याचमुळे. म्हणून केमो. ती रक्तातून सगळीकडे जाते, जिथे चाकू पोचत नाही तिथेही.

आजार दुर्मीळ असल्यामुळे एकेका हॉस्पिटलला पुरेशी मुलं दिसायची नाहीत. म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अनेक हॉस्पिटलांनी एकत्र येऊन मोठे अभ्यास सुरू केले. सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे एकाच पद्धतीनं उपचार करायचे आणि कोण बरं झालं ते मोजायचं. पहिल्या अभ्यासात, १९७२ ते १९७८ या काळात, पाच वर्षांनी हयात असलेली मुलं होती ५५ टक्के. तिसऱ्या अभ्यासात, १९८४ ते १९९१ मध्ये, ७१ टक्के. केवढा फरक बघा.

पण हे सगळ्या मुलांचं मिळून झालं. ज्यांचा आजार आधीच पसरलेला होता, त्यांचा आकडा मात्र फारसा हलेना. तिथूनच हा प्रश्न आला: यांना अजून स्ट्राँग काही दिलं तर?

तीन औषधं

थोडं थांबून औषधं कोणती आहेत ते पाहू. तुमच्या कागदावर व्हीएसी असं लिहिलेलं असेल. तीन औषधांची आद्याक्षरं आहेत ती.

पहिलं, विनक्रिस्टिन. हे येतं सदाफुलीतून. हो, आपल्या अंगणातली, कुंपणाकडेची गुलाबी-पांढरी सदाफुली. आपल्याकडे शुगरसाठी तिची पानं चावणारे लोक आहेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात ती शुगरसाठीच तपासायला घेतली होती. उंदरांची शुगर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून कॅन्सरचं औषध सापडलं. विनक्रिस्टिन पेशीला दोन तुकड्यांत विभागूच देत नाही.

आता लगेच कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकेल, ‘सदाफुलीचा रस प्या, कॅन्सर पळवा.’ अजिबात नाही. टनभर वाळलेल्या पानांतून हे औषध जेमतेम काही ग्रॅम निघतं आणि मुलाला ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. रसात काय किती आहे कुणालाच माहीत नसतं. त्यात विषारी द्रव्यं असतात, आणि ज्या मुलाची केमो चालू आहे त्याला ती दुप्पट महागात पडतील.

दुसरं, अॅक्टिनोमायसिन डी. हे १९४० मध्ये सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. टीबीचं स्ट्रेप्टोमायसिन शोधणारे ते हेच.

तिसरं, सायक्लोफॉस्फामाइड. याचं मूळ पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसपर्यंत जातं. त्या गॅसनं सैनिकांच्या पांढऱ्या पेशी नष्ट होतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि त्याच जातीच्या रसायनांमधून पुढे औषधं तयार झाली. युरोपात याऐवजी याचंच भावंड, आयफॉस्फामाइड, जास्त वापरतात. दोन्हींनी मूत्राशयाला इजा होऊ शकते. म्हणून सलाईन भरपूर देतात, आणि गरजेप्रमाणे मेस्ना नावाचं संरक्षक औषधही.

ही औषधं भरभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कॅन्सरच्या पेशी भरभर वाढतात, पण केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, आतडं आणि बोन मॅरोही भरभर वाढतात. म्हणून केस जातात, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी उतरतात.

मामा शेतकरी आहेत ना? मग त्यांना असं सांग. उभ्या पिकात तण माजलंय. तणनाशक मारायचंय, पण पीकही तिथेच आहे. दुप्पट मारलं तर तण जळेल, पीकही जळेल. आणि तणाच्या काही मुळ्या अशा असतात की दुप्पटीनंही मरत नाहीत.

मग ‘इंटेन्सिव्ह’ म्हणजे नेमकं काय?

केमो तीव्र करायचे चार रस्ते आहेत. एक, डोस वाढवा. दोन, दोन डोसमधलं अंतर कमी करा. तीन, आणखी औषधं जोडा. चार, जास्त दिवस चालू ठेवा. चारही करून पाहिलेत.

पहिला रस्ता, डोस खूप वाढवणं. हेच ते हाय डोस आणि स्टेम सेल. आधी मुलाच्याच रक्तातून रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढून गोठवून ठेवतात. मग एवढी केमो देतात की बोन मॅरो पार रिकामा होतो. मग त्या पेशी परत सोडतात, म्हणजे मॅरो पुन्हा उगवतो. कल्पना एकदम पटणारी आहे. मलाही शिकताना पटली होती. पण आकडे काय म्हणतात? युरोपातल्या एका अभ्यासात पसरलेल्या रॅब्डोच्या ५२ मुलांना असा हाय डोस दिला आणि नेहमीची केमो चालू ठेवलेल्या मुलांशी तुलना केली. १९९९ मध्ये निकाल छापून आला. जगण्यात ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. २०१० मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला. स्टेज फोर रॅब्डोसाठी हा नेहमीचा उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावा नाही, असं त्यात म्हटलंय.

इथे गोंधळ करू नका. काही वेगळ्या कॅन्सरमध्ये, उदाहरणार्थ लहान मुलांच्या पसरलेल्या न्यूरोब्लास्टोमामध्ये, याच पद्धतीचा उपयोग होतो. शेजारच्या गावातला एखादा मुलगा स्टेम सेलनं बरा झाला असेल. त्याचा आजार वेगळा असेल. आजाराचं नाव विचारा, नुसतं ‘कॅन्सर’ म्हणून तुलना करू नका.

दुसरा रस्ता, अंतर कमी करणं. अमेरिकेत २००६ ते २००८ मध्ये पसरलेल्या रॅब्डोच्या १०९ रुग्णांना ५४ आठवड्यांचा कोर्स दिला. एकूण सात औषधं, आलटून पालटून. काही टप्प्यांत तीन आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांनीच पुढचा डोस, मधे पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन, शिवाय रेडिएशन. तुझ्या भावाच्या डॉक्टरांनी ‘जवळजवळ वर्षभर’ म्हटलं ते बहुतेक अशाच धाटणीचं असणार. याचा निकाल पुढे आकड्यांबद्दल बोलू तेव्हा सांगते.

तिसरा रस्ता, औषधं जोडणं. युरोपात डॉक्सोरुबिसिन जोडून पाहिलं. गाठीची रक्तपुरवठा-यंत्रणा अडवणारं बेवासिझुमॅब जोडून पाहिलं. दोन्हींनी निकाल सुधारला नाही. हे औषध नवीन आहे, महाग आहे, परदेशी आहे, म्हणून ते चांगलंच असणार असं नसतं.

चौथा रस्ता, आणि इथे सगळ्यांना थोडं आश्चर्य वाटलं. २०१९ मध्ये इटलीच्या जियानी बिसोन्यो आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या युरोपीय अभ्यासाचा निकाल मांडला. जास्त धोक्याचा पण दूरवर न पसरलेला रॅब्डो असलेली ३७१ मुलं. नेहमीची केमो संपली, स्कॅन साफ. मग निम्म्यांचे उपचार थांबवले. उरलेल्या निम्म्यांना आणखी सहा महिने हलकी केमो दिली: विनोरेल्बिन, तेही सदाफुलीच्या द्रव्यांपासूनच बनतं, आणि सायक्लोफॉस्फामाइड, रोज थोडं, तोंडावाटे. पाच वर्षांनी, ज्यांचे उपचार थांबवले त्यांच्यातले ७३.७ टक्के हयात होते. ज्यांना हलकी केमो दिली त्यांच्यातले ८६.५ टक्के.

एकदम खूप दिल्यानं फरक पडला नाही. कमी, पण न चुकता, जास्त दिवस दिल्यानं पडला. पसरलेल्या आजारात हे किती काळ द्यावं, यावर अभ्यास अजून चालू आहेत. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारानं २०२० मध्ये सुरू झालेला एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास त्यातलाच. तर मामांना डॉक्टरांकडे हा प्रश्न नेऊ दे: ‘मोठी केमो संपल्यावर मेंटेनन्स देणार का?’

तो वीस टक्के

आता तू रात्री एकटीनं वाचलेला आकडा.

तो खोटा नाही. मी तुला ‘गुगलवर काहीही असतं’ असं म्हणून उडवून लावणार नाही.

२००८ मध्ये फ्रान्सच्या ओडिल ओबेरलँ आणि सहकाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या पसरलेल्या रॅब्डोच्या ७८८ रुग्णांची माहिती एकत्र केली. चार गोष्टींनी फरक पडतो असं दिसलं. वय एक वर्षाच्या आत किंवा दहा आणि त्यापुढे. गाठीची जागा अवघड, हातपाय त्यात येतात. हाडात किंवा बोन मॅरोमध्ये पसरणं. आणि तीन किंवा जास्त ठिकाणी पसरणं. यातलं एकही नसेल तर तीन वर्षं आजार परत न येता राहिलेले होते ५० टक्के. चारही असतील तर ५ टक्के. म्हणजे ‘स्टेज फोर’ हे दोन शब्द सारखेच, पण त्यांच्या पोटात केवढा फरक आहे बघा.

मगाचा १०९ रुग्णांचा अभ्यास घ्या. ज्यांच्यात यातली एखादीच गोष्ट होती किंवा एकही नव्हती, त्यांच्यात हा आकडा ६९ टक्के आला. दोन किंवा जास्त असणाऱ्यांत २० टक्के. तुझा भाऊ अकरा वर्षांचा, गाठ पायात. म्हणून तुला वीस दिसलं.

पाचात एक. हे ऐकायला कठीण आहे, मला माहितीये. पण तो आकडा नीट वाचू. तीन वर्षं आजार परत आला नाही, अशांचा तो आकडा आहे. आजार परत येऊनही उपचारांवर काही काळ जगणारी मुलं त्यात नाहीत. तो एका गटाचा आकडा आहे, तुझ्या भावाची गाठ औषधाला कशी साथ देते हे त्यात लिहिलेलं नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या स्कॅननंतर डॉक्टर जास्त सांगू शकतील. आणि ‘उपचारात अर्थ नाही’ असंही तो आकडा म्हणत नाही, कारण त्या पाचातला एक खरा मुलगा असतो, शाळेत परत जाणारा.

पण तोच आकडा आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती जमिनीबद्दल आहे. हाय डोस विकत घेऊन तो वीसचा चाळीस होतो, असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. जमीन विकायची की नाही हा तुमच्या घरचा निर्णय, त्यात मी पडणार नाही. फक्त ‘जास्त डोस’ मिळवायला म्हणून विकू नका, एवढं मी स्पष्ट सांगते. दुसरं मत जरूर घ्या. पण ते मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरकडून घ्या, हॉस्पिटलची शिफारस करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून नाही.

मग पैसे आणि जोर कशावर लावायचा?

वॉर्डात मी जे पाहिलं, त्यावरून सांगते. परदेशातले हे आकडे तिथल्या मुलांचे आहेत, ज्यांचा कोर्स पूर्ण झाला, ज्यांना तापात वेळेवर औषध मिळालं. आपल्याकडे बरीच मुलं हुकतात ती औषध कमी पडल्यामुळे नव्हे, तर या आजूबाजूच्या गोष्टींमुळे. आणि इथे तुझा फोन खरंच कामाचा आहे.

पहिलं, ताप. केमोनंतर साधारण आठवड्यानं पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत १०० पूर्णांक ४ फॅरनहाइटला, म्हणजे ३८ सेल्सिअसला ताप पोचला, तर ती इमर्जन्सी. सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही, आधी हॉस्पिटलला फोन. पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गावापासून मुंबई आठ-दहा तास. म्हणून सुट्टी देतानाच डॉक्टरांना विचारा: ‘गावी असताना ताप आला तर जवळ कुठे जायचं? तिथल्या डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहून द्या.’ त्या चिठ्ठीचा फोटो मामींच्या आणि मामांच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेव. थर्मामीटर दोन घ्या, एक फुटतोच.

दुसरं, तारखा. पुढच्या डोसची तारीख, रक्ततपासणीची तारीख, फोनच्या कॅलेंडरला, दोन दिवस आधीच्या अलार्मसह. पेरणी आहे, लग्न आहे, म्हणून आठवडा ढकलला असं नको. इंटेन्सिव्ह या शब्दाचा अर्धा जीव वेळेवर देण्यात आहे. डॉक्टर स्वतः पेशी कमी म्हणून पुढे ढकलत असतील तर गोष्ट वेगळी.

तिसरं, मधे न सोडणं. दोन-तीन महिन्यांत गाठ हाताला लागेनाशी होते, मूल हसायला लागतं, आणि घरचे म्हणतात, ‘झालं बरं, आता कशाला पोराचे हाल?’ इथेच घात होतो. पोटरीवर रेडिएशन किंवा ऑपरेशन व्हायचं असतं, काही मुलांना फुप्फुसावरही रेडिएशन लागतं. दिसत नाही म्हणजे गेला असं नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं.

चौथं, खाणं. अशक्त मुलाला केमो सोसत नाही, जंतुसंसर्ग जास्त होतो. ताजं शिजवलेलं, वरण, अंडं, खिचडी, उकळलेलं दूध. उघड्यावरचं आणि कच्चं नको. तोंडात फोड असतील तर गार, पातळ, बिनतिखट. काढा, भस्म, पावडर, काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लपवून देऊ नका.

पाचवं, विनक्रिस्टिन चालू असताना शौचाला घट्ट होणं, जबडा दुखणं, पाय ओढत चालणं. हे ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका, सांगा. लघवीत रक्त दिसलं तरी लगेच सांगा. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध असतं, त्यानं एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते वेगळं. तेव्हा आज कुठलं औषध दिलं ते सिस्टरला विचारून लिहून ठेव.

आणि खर्च. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काय करता येईल ते हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला विचारा. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी लहान मुलांच्या कुटुंबांना राहण्यासाठी, जेवणासाठी मदत करणाऱ्या संस्था आहेत. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत मिळते. मागायला लाज वाटते म्हणून फुटपाथवर झोपलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. लाजू नका, विचारा.

घरी काय सांगायचं?

तुझा शेवटचा प्रश्न हाच होता.

तो आकडा एकटीनं धरून बसू नकोस. तू वीस वर्षांची आहेस, घराचा निकाल तुझ्या खिशात असायला नको. पुढच्या भेटीला तू मामांसोबत जा आणि हे चार प्रश्न कागदावर मराठीत लिहून ने. एक, हे उपचार बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? दोन, याच्या आजारात धोक्याच्या गोष्टी कोणत्या आहेत, जनुकांची तपासणी, म्हणजे पॅक्स-फॉक्सओ फ्यूजनची, झाली का? तीन, पहिलं स्कॅन कधी, आणि त्यात काय दिसलं तर पुढचं ठरेल? चार, त्रास कमी करणाऱ्या टीमला, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरला, आतापासूनच भेटता येईल का?

शेवटचा शब्द ऐकून घाबरू नका. पॅलिएटिव्ह म्हणजे ‘हात टेकले’ असं नाही. दुखणं, उलटी, झोप, भीती यांचा इलाज केमोसोबतच चालतो. आणि कधी काळी केमो चालेनाशी झालीच, तर तेव्हा ओळखीचे डॉक्टर सोबत असतात. त्या वेळी ‘आता थांबूया’ म्हणणंही मुलावरच्या मायेतूनच येतं. पण ती वेळ आज आलेली नाही.

आणि भावाला? त्याला कळतं गं. अकरा वर्षांचं पोर आहे, शेजारच्या कॉटवरच्या मुलाकडून त्याला तुमच्याआधी सगळं कळेल. ‘तुला ताप आहे’ असं सांगू नका. आजाराचं नाव सांगा. यात तुझी चूक नाही, हा कुणाला लागत नाही, केस जातील आणि परत येतील, सुई दुखेल पण आम्ही बसू शेजारी. त्यानं विचारलं, ‘मी मरणार का?’ तर विषय बदलू नका. ‘डॉक्टर पूर्ण प्रयत्न करतायत, आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत, तुला कशाची भीती वाटते ते सांग,’ एवढं म्हणता येतं. त्यात काहीही खोटं नाही.

मी तिला हे आधीच फोनवर सांगितलं होतं. परवा तिचा पुन्हा मेसेज आला. दुसरी केमो झाली, एकदा ताप आला, रात्री दीड वाजता मामा त्याला घेऊन जिल्ह्याच्या हॉस्पिटलला पोचले, चिठ्ठी दाखवली, सलाईन लागलं. चौथ्या दिवशी घरी. जमीन सध्या आहे तिथेच आहे. मामांनी त्यात सोयाबीन पेरलंय. स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. त्यात काय निघेल ते मला माहीत नाही, तिलाही नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी, वर्गात कुणाकडे हा विषय असेल तर हा भाग पाठवा. तुमच्या मुलाची औषधं आणि डोस मात्र त्याचे डॉक्टरच ठरवतील, माझं बोलणं प्रश्न विचारायला वापरा. मेसेज करत राहा, मी वाचते. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.